ऑफिसातला हेडसेट मला घाटातल्या एसटीसारखा लागतो

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे आणि पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे फ्लॅट किंवा बंगला बांधायच्या आधीच क्लायंटला व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट घालून आतून दाखवतात. मॉडेल मीच बनवते, त्यामुळे क्लायंट यायच्या आधी ते तपासायचंही मलाच असतं. मी हेडसेट घालून उभी राहते आणि आमचे सर लॅपटॉपवरून मला खोल्याखोल्यांतून फिरवतात. चार-पाच मिनिटांत तोंडाला पाणी सुटतं, कपाळाला घाम येतो, पुढचे दोन तास डोकं जड. परवा तर जिना चढताना मधेच हेडसेट काढून बाथरूमकडे पळाले. सहकारी हसतात. मला लहानपणापासून घाटात गाडी लागते, म्हणजे हेही असंच राहणार का? आधी गोळी घेतली तर चालेल का? भाऊ म्हणतो, मॉलमधल्या व्हीआर रोलर कोस्टरमध्ये दर आठवड्याला बस, सवय होईल. आणि हे सगळं सरांना सांगू कसं?
– गरगरलेली, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात पोटाबद्दल बरंच आहे, पण माझी नजर अडकली ती ‘सर लॅपटॉपवरून मला फिरवतात’ या वाक्यावर. तुमच्या त्रासाचा मोठा भाग तिथून येतोय असं मला वाटतं. तेव्हा पोटाकडे नंतर येऊ, आधी त्या लॅपटॉपचं बघू.

गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, मागे बसलेल्यांना लागते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचीच परीक्षा घेतली होती. जोडीतल्या दोघांना अगदी एकसारखं फिरवायचं, पण फिरण्याचं नियंत्रण एकाच्याच हातात द्यायचं. हालचाल दोघांचीही तीच, तरी ज्याच्या हातात नियंत्रण होतं त्याला मळमळ कमी झाली. आपण वळायचं ठरवतो तेव्हा मेंदूला वळण यायच्या आधीच खबर असते. तुमच्या बाबतीत खबर सरांच्या मेंदूला, आणि वळण तुमच्या डोळ्यांना. ‘अरे, ड्राय बाल्कनी राहिली’ म्हणून ते गर्रकन मागे फिरतात, ते तुम्हाला कळतं जग फिरल्यावरच. त्यात बाहेरचं काहीच दिसत नाही, खिडकीत मान काढायची सोय नाही. अशा अवस्थेत पाच मिनिटं टिकता, हेच पुष्कळ.

म्हणून पहिला बदल हा : कंट्रोलर तुमच्या हातात. सरांना काय दाखवायचं ते त्यांनी तोंडी सांगावं, जायचं तुम्ही. क्लायंटलाही हाच नियम.

दुसरा प्रश्न, जायचं कसं. इथे थोडं कानात शिरावं लागेल. दोन्ही कानांच्या आत, हाडात बसवलेल्या, द्रव भरलेल्या तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली की द्रव क्षणभर मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण समजतं. त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. सरळ रेषेतला वेग वाढला-घटला किंवा डोकं कललं की हे कण सरकतात. गमतीचा भाग असा, की ही यंत्रणा वेगातला बदल ओळखते, एकसारखा वेग तिला कळतच नाही. हेडसेटमध्ये जॉयस्टिक पुढे ढकलली की डोळे सांगतात ‘चाललो’, आणि कान सांगतो ‘ऑफिसातल्या टाइलवर उभी आहे’. या भांडणातून मळमळ होते असं बहुतेक संशोधक मानतात.

घाटात भांडण तेच, पण उलट्या बाजूने. तिथे शरीर हिंदकळत असतं आणि डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले. म्हणून आई ‘बाहेर बघ’ म्हणायची ते बरोबरच होतं. हेडसेटमध्ये बाहेरच नाही, त्यामुळे तिथला उपाय डोळे मिटणं. डोळे मिटताक्षणी खोटी हालचाल थांबते आणि भांडणातला एक पक्ष गप्प होतो. मळमळ सुरू झाली की लोक घाईघाईने हेडसेट उपसून काढतात, त्या ओढाताणीत चित्र आणखी हेलकावतं. आधी डोळे मिटा, मग काढा.

मेंदू यावर उलटीचाच तोडगा का काढतो, याबद्दल मिशेल ट्राइझमन यांनी १९७७ मध्ये एक तर्क मांडला होता. डोळे आणि कान यांचं जमेनासं होणं हे निसर्गात बहुधा विषारी काही खाल्ल्याचं लक्षण, म्हणून शरीर पोट रिकामं करायला बघतं. सगळ्यांना हा तर्क पटलेला नाही. मला मात्र तो आवडतो, कारण त्यात तुमचं पोट बिनडोक ठरत नाही.

हसणाऱ्या सहकाऱ्यांसाठी दोन गोष्टी देतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नासा यांनी वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजमधल्या, म्हणजे कर्णबधिरांसाठीच्या कॉलेजमधल्या, अकरा पुरुषांना प्रयोगांसाठी निवडलं. त्यांतल्या दहा जणांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदुज्वराने गेली होती आणि त्याबरोबर आतल्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. त्यांना अंतराळवीरांच्या तयारीसाठी फिरत्या खोल्यांत ठेवलं, विमानांतून वरखाली नेलं. एकदा कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीने नेलं. ही मंडळी मजेत पत्ते खेळत बसली. आडवे झाले ते संशोधक, इतके की प्रयोगच रद्द करावा लागला. बोट लागण्यासाठी धडधाकट कान लागतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

दुसरी गोष्ट वैमानिकांची. हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरमध्ये बसल्यावर होणाऱ्या मळमळीची नोंद १९५७ पासूनची आहे, आणि तेव्हाच्या अभ्यासांत नवशिक्यांपेक्षा अनुभवी वैमानिकांनाच जास्त त्रास झालेला दिसला. खरं उड्डाण कसं जाणवतं हे ज्याच्या अंगात मुरलेलं, त्याला खोटं उड्डाण जास्त खुपतं. तेव्हा कुणी हसलं तर हसू द्या.

आता मॉडेलकडे. तुम्ही एन्स्केप किंवा ट्विनमोशन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर दोन्हीत टेलिपोर्टची सोय आहे : कंट्रोलरने जमिनीवरची जागा दाखवायची, बटण दाबायचं आणि थेट तिथे उभं राहायचं. मधला प्रवास डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे भांडायला काही उरत नाही. घसरत जाण्यापेक्षा हे कृत्रिम वाटतं, अशी तक्रार सर करतील. वाटू दे. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना काय वाटतं हे दाखवायचंच असेल, तर ऑफिसातल्या मोकळ्या जागेत खरोखर चार पावलं चालून दाखवता येतं. पायांनी चाललेलं कुणाला सहसा लागत नाही.

जॉयस्टिकने सरळ जाण्यापेक्षा जॉयस्टिकने वळणं जास्त वाईट. वळायचं तर स्वतः पायांवर वळा, किंवा फिरत्या खुर्चीत बसून खुर्ची वळवा. तेही शक्य नसेल तर ३० किंवा ४५ अंशांचे तुकड्यातुकड्यांचे वळण चालू करा. दिसायला ते झटके वाटतात, पण गुळगुळीत फिरणाऱ्या खोलीपेक्षा ते शरीराला सोसतं. सरकण्याचीही तीच गत : हळूहळू वाढत जाणारा वेग डोळ्यांना छान दिसतो आणि कानाला सगळ्यात जास्त खटकतो, कारण वेगातला बदल हीच त्याच्या कामाची गोष्ट. सरकायचंच तर एकदम सुरू, एकाच वेगाने, एकदम बंद.

जिन्यावर तुम्ही पळालात याचं मला नवल वाटलं नाही. जिन्यात सरकणं, उंची वाढणं आणि मधल्या टप्प्यावर वळणं ही तिन्ही एकत्र येतात, आणि तेही दुसऱ्याच्या हाताने. जिना व्हीआरमध्ये चढवूच नका. खाली उभं राहून वर बघा, मग टेलिपोर्टने वरच्या पॅसेजमध्ये जा आणि तिथून खाली बघा. हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी जागा, कमी पडतोय का, हे दोन्ही ठिकाणांहून कळतं. नाहीतर सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचं ड्रॉइंग, कशासाठी काढतो आपण?

काही सॉफ्टवेअरमध्ये हालचालीच्या वेळी चित्राच्या कडा काळ्या करून मधलाच भाग उघडा ठेवायची सोय असते. नजरेच्या कडांना दिसणारी हालचाल ‘आपण चाललोय’ हा भास जास्त घडवते, म्हणून कडा झाकल्या की बरं वाटतं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात २०१६ मध्ये हे तपासून झालंय. असेल तर चालू ठेवा.

आणि मॉडेलचं वजन. हे मी जरा कळकळीने सांगतोय, कारण आर्किटेक्ट लोकांना झाडं फार प्रिय असतात. हेडसेट ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवत, चालत असेल तर लॅपटॉपला एकेक चित्र जेमतेम ११ मिलिसेकंदांत तयार करावं लागतं. बाल्कनीबाहेर गुलमोहर, खाली लॉन, लॉबीत चकचकीत इटालियन मार्बल आणि त्यात पडलेली प्रतिबिंबं, एवढं एकदम मागितलं की लॅपटॉप मागे पडतो. मान वळल्यावर चित्र बदलायला २० मिलिसेकंदांहून जास्त लागायला लागले की जग डोक्यामागून ओढल्यासारखं येतं आणि पोट ढवळतं. स्क्रीनवर बघणाऱ्या सरांना यातलं काही दिसत नाही, त्यांना मॉडेल मस्तच दिसतं. व्हीआरसाठी वेगळी, हलकी फाइल ठेवा : गवत काढा, प्रतिबिंबं कमी करा, न दिसणारे मजले लपवा. हेडसेट वाय-फायवर चालवत असाल आणि त्याच राउटरवर सगळं ऑफिस असेल, तर त्या वेळेपुरती केबल लावा.

यानंतर भिंगं. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसांत साधारण ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. चष्म्याच्या दुकानात ते दोन मिनिटांत मोजून देतात, चष्मा असेल तर कदाचित तुमच्या कार्डावरच लिहिलेलं असेल. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये भिंगं हाताने सरकवून ५८, ६३ आणि ६८ अशा तीन जागी बसतात, क्वेस्ट ३ मध्ये खालच्या बाजूला छोटं चाक असतं. ऑफिसातला एकच हेडसेट सगळे वापरतात, म्हणजे तो बहुधा सरांच्या डोळ्यांवर लावलेला असणार. बायकांना व्हीआर जास्त लागतं असं पूर्वी सर्रास म्हटलं जायचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने त्याचं मोठं कारण दाखवलं : अनेक बायकांच्या बाहुल्यांमधलं अंतर हेडसेटच्या किमान मापापेक्षाच कमी होतं. यंत्र पुरुषांच्या मापाने बनवायचं आणि नाजूक ठरवायचं बायकांना! असो. दर वेळी आधी भिंगं लावून घ्या, मगच पट्टे आवळा. तुमचं डोकं नंतर दोन तास जड राहतं, त्यात मळमळीइतकाच डोळ्यांच्या ताणाचा वाटा असू शकतो, आणि तो ताण भिंगं जुळली की उतरायला हवा.

एवढं झालं की मग सवयीचा विषय. होय, बहुतेकांना सवय होते, आणि घाटात गाडी लागणाऱ्यांनाही होते. गाडी लागणाऱ्यांना हेडसेट लागण्याची शक्यता जास्त, इतकंच. पण सवय लागते ती त्रास सुरू व्हायच्या आत थांबणाऱ्याला. तुम्ही आत्तापर्यंत दात-ओठ खाऊन सहन करत आलात, आणि त्याने उलटंच होतं : हेडसेट म्हणजे मळमळ अशी गाठ मेंदूत बसते, आणि पुढेपुढे नुसत्या त्या फोमच्या वासानेही कसंतरी व्हायला लागतं. तुमची खूण तुम्हीच लिहिली आहे, तोंडाला सुटणारं पाणी. काहींना जांभया येतात, काहींना एकदम उकडायला लागतं. पहिली खूण दिसली की डोळे मिटा आणि थांबा. ‘एवढा बेडरूम बघून घेते’ हे मनातही आणू नका. त्या दिवशी पुन्हा घालू नका.

सुरुवात पाच मिनिटांपासून करा, बसून, एकाच खोलीत, टेलिपोर्टसुद्धा नको. नुसतं डोकं वळवून बघायचं, वाकून ओट्याखालच्या ट्रॉल्या बघायच्या. एखाद-दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा. दोन-तीन वेळा काहीच झालं नाही की थोडा वेळ वाढवा. समोरून टेबल फॅन लावा. वाऱ्याने बरं वाटतंच, शिवाय खऱ्या खोलीत समोर कुठे आहे याचा अंदाज राहतो. पोट अगदी रिकामं नको आणि मिसळ चापून लगेचही नको. आलेपाकाची वडी तोंडात ठेवायची तर ठेवा. आल्याने मळमळ कमी होते याला थोडाफार आधार आहे, अपाय काही नाही. मात्र त्याच्या भरवशावर वेळ वाढवू नका.

गोळीचं विचारलंत. घाटासाठी आपण घेतो त्या गोळ्यांपैकी अ‍ॅव्होमिन ही प्रोमेथाझिनची, आणि या जातीच्या गोळ्यांनी झोप येते. वर्षातून दोनदा कोकणात जाताना खिडकीला डोकं टेकून झोपायचं असेल तर ठीक. आठवड्यातून तीनदा ऑफिसात मॉडेल तपासायचं आणि संध्याकाळी स्कूटर चालवत घरी जायचं असेल, तर मी नको म्हणेन. ज्या कामासाठी रोज गोळी लागते ते काम बदलायला हवं. आणि इतर औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदासुद्धा नको.

स्कूटरवरून आठवलं. हेडसेट काढल्यावर पाय अस्थिर वाटणं, मान वळवल्यावर किंचित गरगरणं हे काही वेळ राहू शकतं. सिम्युलेटरमध्ये बसलेल्या लष्करी वैमानिकांना काही ठिकाणी त्यानंतर ठरावीक तास उड्डाणच करू देत नाहीत. पुण्यातल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दुचाकी चालवणं मी त्याहून सोपं मानत नाही. तपासणी सकाळी ठेवा. डोकं जड असताना निघू नका, रिक्षा करा आणि पैसे ऑफिसकडे मागा.

हेडसेट नसतानाही खोली फिरते, अंथरुणात कूस बदलताना घेरी येते, कानात आवाज येतो किंवा कमी ऐकू येतं, असं काही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, ते प्रकरण वेगळं. अर्धशिशी असेल तर तीही सांगा. आणि फिट्स आल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत हेडसेट घालूच नका.

राहिले सर. ‘मला सोसत नाही’ म्हणून त्यांच्यासमोर उभं राहू नका, विषय क्लायंटचा काढा. साठीचे काका-काकू आयुष्याची पुंजी घेऊन फ्लॅट बघायला येतात आणि त्यांना तिसऱ्या मिनिटाला कोरडे उमासे आले, तर घरी जाऊन ते किचनच्या प्लॅटफॉर्मबद्दल बोलणार नाहीत. तुम्ही असं काही म्हणू शकता : ‘सर, क्लायंटला खुर्चीत बसवू, कंट्रोलर त्यांच्याच हातात देऊ, आणि सहा ठिकाणं ठरवून तेवढीच टेलिपोर्टने दाखवू. मॉडेल मी त्या हिशेबाने हलकं करून ठेवते.’ यात नकार कुठेच नाही, काम उलट नीट होतं. ज्यांना हेडसेट नकोच त्यांच्यासाठी त्याच सहा ठिकाणांची ३६० अंशांची चित्रं काढून ठेवा, मोबाइलवर बोटाने फिरवून बघतील. ती चित्रं पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात मोबाइल घालून डोळ्यांना लावायला मात्र देऊ नका. त्या डब्यांना डोकं वळलेलं कळतं, पुढे झुकलेलं कळत नाही, तुम्ही वाकलात की अख्खी खोली तुमच्याबरोबर सरकते. २०१३ च्या पहिल्या ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटमध्ये, जो डेव्हलपर लोकांसाठी होता, हाच दोष होता, आणि व्हीआर म्हणजे ओकारी ही कीर्ती बऱ्याच अंशी तेव्हाची.

आणि हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर तपासणी दुसऱ्या कुणाकडे द्या. काही थोड्यांना सवय होत नाही, आणि मॉडेल बनवायला हेडसेट लागत नाही.

भावाचा सल्ला ऐकू नका. मॉलमधली ती खुर्ची तिची ती हलते, नियंत्रण तुमच्या हातात नाही, थांबवायचं बटण ऑपरेटरकडे, आणि तो बहुतेक वेळा मोबाइलमध्ये. वर डोळे आणि कान यांना जास्तीत जास्त झुंजवावं म्हणूनच ती फिल्म बनवलेली असते. घरी हेडसेट आणायची परवानगी मिळाली तर बीट सेबर खेळा. त्यात तुम्ही जागच्या जागी उभ्या असता आणि ठोकळे तुमच्याकडे येतात, त्यामुळे तो फार कमी जणांना लागतो. हेडसेटच्या ऑनलाइन दुकानातले बाकीचे खेळ घेताना आरामाचं मानांकन बघा, ‘कम्फर्टेबल’ लिहिलेलेच सध्या घ्या. रोलर कोस्टरची भावाला एवढी हौस असेल तर त्याला बसू दे, तुम्ही बाहेर त्याची बॅग धरा.